कल्हईवाल्याची वहिनी

निर्मलाकाकूंच्या घरात माणसाचं खरं नाव फार काळ टिकत नसे. पहिल्या भेटीत त्या तुम्हाला नीट नावानं हाक मारत, दुसऱ्या भेटीत चष्म्यावरून निरखून बघत, आणि तिसऱ्या वेळी तुम्ही दार वाजवेपर्यंत तुमचं नवं नाव निम्म्या शिकागोला कळलेलं असे. मराठी मंडळाचे एक अध्यक्ष भाषणाला उभे राहिले की मूळ विषयावर कधी यायचेच नाहीत, ते 'प्रास्ताविक'. एक बाई नेसून झालेली साडीसुद्धा दुकानात परत करून यायच्या. त्या 'रिटर्न पॉलिसी'. मी नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आले आणि त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाही मला जरा वेळ लागतो. मी 'लोडिंग' झाले.

"लोडिंग, खाली ये गं, चहा टाकलाय," अशी हाक जिन्यातून यायची आणि मला बरं वाटायचं. काकूंनी नाव ठेवलं म्हणजे आपण त्यांच्यातले झालो, असं आम्ही सगळेच समजायचो. हे लिहिताना आज ओशाळायला होतं, पण तेव्हा खरंच तसं वाटायचं.

काकू इतिहासाच्या प्राध्यापक होत्या, आणि त्याही युरोपातल्या मध्ययुगाच्या. पुण्याहून शिकायला आल्या तेव्हा मराठ्यांच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं होतं. पण शिकागोच्या उत्तरेला ज्या जुन्या स्वीडिश वस्तीत त्या आणि त्यांचे यजमान वसंतकाका राहायला आले, तिथल्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना दालचिनीचा पाव करायला शिकवला आणि पाव फुगेपर्यंत स्वीडिश भाषा. "पाव कधी जमला नाही, भाषा जमली," काकू म्हणायच्या. त्या भाषेतून त्यांना एक राणी भेटली आणि पुढची तीस-एक वर्षं त्या राणीनं त्यांना सोडलं नाही.

तेराव्या शतकातली ही राणी मूळची डेन्मार्कची राजकन्या. लग्न करून स्वीडनला आली. देखणी, बुद्धिबळात तरबेज आणि जिभेला धार. दर वसंत ऋतूत जवळच्या जुन्या सभागृहाच्या तळघरात काकू या राणीवर व्याख्यान द्यायच्या. समोर स्वीडिश वंशाची पाच-पंचवीस म्हातारी माणसं, हातात कॉफी. काकू कांजीवरम नेसून, डोळे मोठे करून सांगायच्या की या राणीला दोन दीर होते आणि दोघांनाही तिनं नावं ठेवली होती. एकाला ती म्हणायची 'काहीच-नाही'. आणि दुसऱ्याला, जो काळा-हडकुळा पण डोक्यानं तल्लख होता, त्याला म्हणायची 'कल्हईवाला'. म्हणजे गावोगाव हिंडून लोकांची फुटकी भांडी सांधणारा. भर दरबारात, सगळ्यांदेखत. म्हातारी माणसं खो खो हसायची. दरवर्षी तीच गोष्ट आणि त्याच जागी तेच हसू.

"बाई होती एकदम सदाशिव पेठेतली," घरी येताना काकू मला म्हणायच्या. "चुकून तिकडे जन्मली."

पुढची गोष्ट त्या भराभरा सांगून टाकायच्या. राणीची बहीण मठातून तिच्याकडे राहायला आली आणि राजानं त्या बहिणीशीच संबंध ठेवले. पापक्षालनासाठी राजाला रोमला जावं लागलं. तो परत आला तोवर दीर बिथरले होते. लढाईच्या दिवशी राजा झोपला होता आणि राणी सख्यांबरोबर बुद्धिबळ खेळत कल्हईवाल्याची थट्टा करत होती. तेवढ्यात एक रक्ताळलेला घोडेस्वार आला आणि म्हणाला, आपण हरलो. कल्हईवाला राजा झाला. राणी पळाली, पुढे नवऱ्यालाही सोडून डेन्मार्कला परत गेली आणि तिथेच मेली.

श्रीकांतकाका आले ते मी तिथे राहायला लागल्यावर वर्षभरानं. वसंतकाकांचे हे धाकटे भाऊ. कऱ्हाडला त्यांचं छोटं उपाहारगृह होतं, ते चालेना. भावानं फार पूर्वी घातलेला ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर झाला, तेव्हा चाळिशी उलटलेल्या वयात बायकोला आणि मुलीला घेऊन ते शिकागोला आले. बायको मंगलकाकू, मुलगी शरयू, आठ-नऊ वर्षांची. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका किराणा दुकानात त्यांना काम मिळालं. शनिवार-रविवारी दुकानाच्या दाराशी टेबल मांडून उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कागदी वाटीतून चिवडा, बाकरवडी, लोणच्याची फोड चाखायला द्यायची. "सॅम्पल, सर. ट्राय इट, मॅडम." इंग्रजी तेवढंच, पण मोठ्या उत्साहानं.

एका रविवारी ते उरलेल्या वाट्यांचा ट्रे घेऊन घरी आले. आम्ही सगळे जेवायला बसणार होतो. "वहिनी, सॅम्पल घ्या," ते हसत म्हणाले. काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. डोक्यावर दुकानाची लाल टोपी, शर्टावर मसाल्याचे डाग.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच एक सॅम्पल आहात."

सगळ्यात मोठ्यानं श्रीकांतकाकाच हसले. मंगलकाकू कणीक मळत होत्या, त्यांचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. "निर्मला," वसंतकाका म्हणाले, पण पुढे काही बोलले नाहीत. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात इंजिनिअर म्हणून काढलेला तो अबोल माणूस. बायकोचं नाव घेऊन थांबणं हाच त्यांचा विरोध असायचा.

त्या दिवसापासून काकूंच्या तोंडून 'भाऊजी' गेलं. 'सॅम्पल आले का?', 'सॅम्पलना फोन करा', आणि मुलीला लाडानं 'छोटं सॅम्पल'. मग मंडळातले लोक म्हणू लागले, मग दुकानात येणारे. श्रीकांतकाका प्रत्येक वेळी हसायचे. "वहिनींनी ठेवलंय," असं कौतुकानं सांगायचे. परदेशात नव्यानं आलेल्या आणि भावाच्या घरात राहणाऱ्या माणसाला हसण्यावाचून दुसरं काय करता येतं, हा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. आम्ही सगळे शिकलेले होतो.

तीन वर्षांनी गणपतीच्या कार्यक्रमात महाप्रसादाचा स्वयंपाक श्रीकांतकाकांनी एकट्यानं अंगावर घेतला. भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या सभागृहात सकाळपासून मसालेभाताचा वास दरवळत होता. सूत्रसंचालन करायला पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा होता, कोवळा, अदबशीर. आभार मानताना त्यानं सगळ्यांची नावं नीट घेतली आणि शेवटी म्हणाला, "आणि आजच्या महाप्रसादाचे मानकरी, श्रीयुत श्रीकांत सॅम्पल! कृपया रंगमंचावर यावं."

त्या बिचाऱ्याला ते आडनावच वाटलं होतं. त्यानं दुसरं काही कधी ऐकलंच नव्हतं.

सभागृह हसून कोसळलं. त्या मुलाला वाटलं आपला कार्यक्रम रंगतोय, म्हणून तोही हसून म्हणाला, "सॅम्पलसाहेब, दोन शब्द बोला!" श्रीकांतकाका ॲप्रन घालून, हातात झारा घेऊन आतून आले. पहिल्यांदाच ते हसत नव्हते. त्यांनी माइक घेतला. "भात सगळ्यांना पुरेल," ते म्हणाले. "सावकाश जेवा."

विंगेत नऊवारी नेसून, नाचासाठी तयार होऊन मुली उभ्या होत्या. त्यात शरयू होती. बाकीची मुलं टाळ्या पिटत ओरडायला लागली, "सॅम्पल! सॅम्पल!" शरयू पायातली घुंगरं न सोडता मागच्या दारातून निघाली. ती पार्किंगमध्ये जाईपर्यंत घुंगरांचा आवाज येत होता. तिच्यामागे मंगलकाकू गेल्या.

पहिल्या रांगेत काकू रुमालानं डोळे पुसत होत्या. हसून हसून पाणी आलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मीही हसत होते.

घरी आल्यावर वसंतकाका बूट काढायला खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले. "निर्मला," ते म्हणाले, आणि त्या दिवशी मात्र तिथे थांबले नाहीत. "त्याचं आडनाव माझंही आहे. आज भर सभेत माझ्या बापाचं आडनाव गेलं."

"अहो, विनोद होता तो," काकू म्हणाल्या. "तुम्हा लोकांना विनोद म्हणून कळत नाही."

काका उठून आत गेले. त्यानंतर कित्येक महिने त्या घरात कामापुरतंच बोलणं होत होतं, हे वर राहून मला ऐकू येत होतं. म्हणजे, काही ऐकू येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात श्रीकांतकाका न्यू जर्सीला गेले. आयसेलिनला कुणाच्या तरी ओळखीनं स्वयंपाक्याचं काम मिळालं होतं. निघताना ते काकूंच्या पाया पडले. "वहिनी, तुमच्यामुळे इथवर आलो," असंही म्हणाले. शरयू गाडीतून उतरली नाही. काकू खिडकीशी गेल्या आणि त्यांनी काच वाजवली. मुलीनं काच खाली केली नाही.

वसंतकाका आजारी पडले तोवर माझं लग्न होऊन मी शिकागोच्या बाहेर राहायला गेले होते. इस्पितळात भेटायला गेले तर खोलीत श्रीकांतकाका. कुणी बोलावलं नव्हतं. बातमी कळली तशी मिळेल ते विमान पकडून आले होते. ते सकाळी घरी मऊ भात करायचे, तो डब्यातून आणून भावाला चमच्यानं भरवायचे आणि उरलेला काकूंना वाढायचे. काकू निमूटपणे जेवायच्या. वसंतकाका गेल्यावर दिवसकार्य होईपर्यंत ते राहिले. भांडी घासली, आलेल्या-गेलेल्यांना चहा दिला. काकूंनी त्या सगळ्या दिवसांत त्यांना कशानंच हाक मारली नाही. जुनं नाव तोंडातून निघेना आणि खरं नातं उच्चारायची हिंमत होईना.

त्या वसंत ऋतूत काकूंनी नेहमीचं व्याख्यान ठेवलं. त्यांना एकटीनं जावं लागू नये म्हणून मी बरोबर गेले. कॉफी, पाव, तीच माणसं, थोडी कमी झालेली. दिरांचा भाग आला. काकू म्हणाल्या, "दुसऱ्या दिराला ती म्हणायची..." आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे हसायला तयार झाले. ती सगळी माणसं नेमकी त्या शब्दाची वाट बघत होती. काकूंनी ते चेहरे पाहिले. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, आज एवढंच. मग पदर सावरून खाली बसल्या.

गाडीत त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "लहान मूल विचारेल तो एक प्रश्न तू मला कधी विचारला नाहीस. ती नावं का ठेवायची?"

"का?"

"तिच्या बापाला त्याच्याच सख्ख्या धाकट्या भावानं मारवलं होतं. नावेतून नेऊन. ही तेव्हा एवढीशी होती. घरात धाकटा भाऊ म्हटला की तिला काय दिसत असेल, सांग. भीतीपोटी बोलायची गं ती. मी तीस वर्षं तिला विनोदी करून विकलं." पुढच्या सिग्नलला त्या माझ्याकडे वळल्या. "तिला भीती तरी होती. मला कसली होती? टेबलाशी उभं राहून चिवडा वाटणाऱ्या माणसाची?"

"तिला नंतर वाईट वाटलं असेल का?" मी विचारलं.

"कुठेच लिहिलेलं नाही. लिहिणारे सगळे जिंकलेल्या दिराच्या बाजूचे. त्यांनी विचारलंच नाही." आणि मग, "मला जर्सीला घेऊन चल. मी चारचौघांत बोलले होते, माफीही चारचौघांतच मागायला हवी."

मला ते योग्य वाटलं. मी तिकिटं काढली.

आयसेलिनमध्ये तोवर श्रीकांतकाकांचं स्वतःचं पोळी-भाजीचं छोटं दुकान झालं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दुपारची गर्दी होती. ऑफिसातली मुलं, डबे न्यायला आलेल्या बायका, कॅश काउंटरवर तरुण शरयू. "या श्रीकांतभाऊ, आज पिठलं आहे का?" कुणीतरी विचारत होतं. काकूंना बघून श्रीकांतकाका पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आले. "वहिनी! अहो, कळवायचं तरी! बसा, बसा."

काकू बसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले आणि वर्गात शिकवायच्या त्या खणखणीत आवाजात बोलायला लागल्या. "भाऊजी, मी सगळ्यांसमोर सांगते. शिकागोत मी तुमचं नाव 'सॅम्पल' ठेवलं. सगळं गाव तुम्हाला सॅम्पल म्हणून हसलं, ते माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ करा."

दुकान शांत झालं. श्रीकांतकाकांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "वहिनी, लोक बघतायत," ते हळूच म्हणाले. "कशाला ते आता? मी कधी मनात नाही ठेवलं. बसा ना." रांगेतल्या एका मुलानं शेजारच्याकडे बघून ओठ दाबले. "सॅम्पल?" तो पुटपुटला. दुसऱ्याला हसू आवरेना.

शरयू काउंटरमागून बाहेर आली. आवाज चढवला नाही.

"मोठ्या काकू," ती म्हणाली, "इथे हे कुणालाच माहीत नव्हतं."

काकूंचे जोडलेले हात तसेच राहिले. "आय नो यू मीन वेल," शरयू पुढे म्हणाली. "पण बाबांना विचारायचं तरी. फोन करायचा. तुम्ही परत सगळ्यांसमोरच केलंत."

"शरू, पुरे," श्रीकांतकाका म्हणाले.

"बोलू दे तिला," काकू म्हणाल्या. "खरं आहे तिचं."

मंगलकाकूंनी त्यांना हाताला धरून आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि ताट वाढलं. तव्यावरची पोळी वाढत राहिल्या. काकू खाली मान घालून जेवल्या. बाहेर गर्दीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता आणि त्यातलं प्रत्येक हसू आम्हाला त्याच कारणाचं वाटत होतं. मीही मान वर करू शकले नाही. ही कल्पना योग्य म्हणून तिकिटं मीच काढली होती.

विमानतळावर काकू म्हणाल्या, "माफीसुद्धा मी व्यासपीठावरूनच मागितली गं. त्यांच्यासाठी मागायची, तर माझ्यासाठी मागून आले."

त्यानंतर त्यांनी नवं नाव कुणाचंच ठेवलं नाही. मला पूर्ण नावानं हाक मारू लागल्या, ती इतकी जपून की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. लोक म्हणायचे, काका गेल्यापासून काकू मवाळ झाल्या. रविवारी त्या श्रीकांतकाकांना फोन करायच्या. आज भाजी काय केली, पोळ्यांना गिऱ्हाईक किती, मंगलचे गुडघे कसे आहेत. एवढंच. शरयूचं विचारायच्या, पण फोन तिला द्या असं कधी म्हणाल्या नाहीत. "तिला माफ कर म्हणायचा हक्क मला नाही," त्यांनी मला सांगितलं होतं. "तिनं केलं नाही तर तेही बरोबरच."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांच्याच घराच्या दिवाणखान्यात आम्ही शोकसभेला जमलो. श्रीकांतकाका एकटेच आले होते. "शरू आली नाही," ते मला म्हणाले. "मी आग्रह केला नाही." मी म्हटलं, काकूंनीही केला नसता.

लोक आठवणी सांगू लागले आणि बघता बघता नावांवर आले. 'प्रास्ताविक' स्वतः उठून बोलले, आणि खरंच लांबवलं. 'रिटर्न पॉलिसी'ची गोष्ट त्या बाईंच्या मुलीनंच सांगितली. दिवाणखाना हसत होता. काकूंची वाणी, काकूंची हजरजबाबी वृत्ती, असं सगळे म्हणत होते. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली एक विद्यार्थिनी हे कौतुकानं ऐकत होती. काकूंचं ते जुनं रूप तिनं कधी पाहिलंच नव्हतं. चहाचे कप गोळा करत असलेल्या श्रीकांतकाकांकडे वळून तिनं अगदी निरागसपणे विचारलं, "काका, तुम्ही तर घरचेच. तुमचं काय नाव ठेवलं होतं त्यांनी?"

हसू जागच्या जागी थांबलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कपात बघू लागलं, कुणी भिंतीवरच्या फोटोकडे. मी उठून काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला नेहमीसारखा वेळ लागला.

श्रीकांतकाकांनी हातातले कप ट्रेमध्ये नीट ठेवले.

"मला?" ते म्हणाले. "मला वहिनी भाऊजी म्हणायच्या."